लेकीचा लॅक्रॉस आणि वडिलांची घाई

वाचकाचे पत्र, थोडक्यात

बेळगावच्या वडगाव भागातील एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांचा यंत्रमागाचा छोटा व्यवसाय आहे. त्यांची लेक बारा वर्षांची असून सातवीत शिकते. तिच्या शाळेतील क्रीडाशिक्षकांनी दोन वर्षांपूर्वी लॅक्रॉस हा, टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ सुरू केला आणि पहिल्या दिवसापासून तिला त्याचे वेड लागले. ती शाळेची स्टिक घरी आणायची आणि उशाशी घेऊन झोपायची. वडील तरुणपणी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा गाजवलेले, त्यामुळे त्यांनीही मनापासून लक्ष घातले. या उन्हाळ्यात त्यांनी ऑनलाइन एक महागडी स्टिक मागवली, रोज पहाटे तिला मैदानावर नेण्यास सुरुवात केली, मोबाइलवर तिच्या खेळाचे चित्रीकरण केले आणि येता-जाता गाडीवर तिच्या चुका समजावून सांगितल्या.

तरीही जूनपासून तिचा खेळ सुधारण्याऐवजी घसरतो आहे, असे त्यांना दिसते. तिच्या हातून झेल सुटतात आणि पास समोरच्या चिखलात पडतात. दुसऱ्या शाळेबरोबरच्या सराव सामन्यात सरांनी तिला पुढून काढून मागे बचावाला ठेवले. डावा हात वापरायला लावल्यापासून तर खेळ आणखी बिघडला, असे वडिलांचे म्हणणे आहे. गेल्या काही आठवड्यांपासून शनिवारच्या सरावाला निघताना तिच्या पोटात दुखते, आणि परवा तिने "मला नको आता" असे सांगून टाकले.

वडील विचारतात: शिक्षक बदलावेत का? मोठ्या शहरात खाजगी शिबिराला पाठवावे का? थोडे कडक व्हावे का? की पाहुणे म्हणतात तसे हे सारे बंद करून शिकवणी लावावी, किंवा निदान ज्याला भवितव्य आहे अशा बॅडमिंटनकडे वळवावे? हा खेळ २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये आहे आणि भारतात तो खेळणारी मुले थोडी, मग एवढी संधी हातची घालवायची का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

उत्तर

तुमच्या पत्रातली काळजी खरी आहे. लेकीला पहाटे मैदानावर नेण्यासाठी माग बंद ठेवणारे वडील आपल्याकडे फार नाहीत, आणि एखाद्या अनोळखी खेळासाठी असे करणारे तर त्याहून कमी. म्हणून तुम्ही जे करता आहात त्यातले काय चालू ठेवावे आणि काय थांबवावे, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे. शिक्षक, शिबिर आणि ऑलिम्पिक यांचा विचार त्यानंतर करू.

सर्वांत आधी एक गृहीतक तपासून पाहू. तिचा खेळ घसरतो आहे, असे तुम्ही लिहिता. त्यासाठी तुम्ही दोन मापे लावलेली दिसतात, सुटलेले झेल आणि केलेले गोल. या खेळात शिकणाऱ्या मुलाची प्रगती ही दोन्ही मापे बऱ्याचदा उलटी दाखवतात. उजव्या हाताने छान झेलणारी मुलगी डावा हात वरच्या बाजूला घेऊन झेलू लागली की काही आठवडे, कधी काही महिने, तिच्या हातून चेंडू पडतच राहणार. सरांनी तिला डावा हात वापरायला लावला, याचा अर्थ ती एका हाताच्या पलीकडे जाण्याइतकी तयार झाली आहे, असे त्यांना वाटते. फक्त उजव्या हाताने खेळणारी खेळाडू कोणत्या बाजूने वळणार हे समोरची मुलगी दोन मिनिटांत ओळखते आणि तिची ती एक बाजू बंद करून टाकते. म्हणून आज पडणारे चेंडू हा उद्याच्या दोन हातांचा खर्च आहे. तो आता बाराव्या वर्षी केलेला बरा, कारण सोळाव्या वर्षी तो फार जड जातो.

शिवाय या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढते. हातपाय लांबतात, आणि कालपर्यंत अचूक असलेला अंदाज काही काळ चुकू लागतो. हे तात्पुरते असते. अशा दिवसांत "पूर्वी तर जमत होते" हे वाक्य मुलीच्या कानी पडले की तिला आपलेच काही तरी बिघडले आहे असे वाटू लागते.

आता तुमच्या पत्रातल्या अशा दोन गोष्टी एकत्र ठेवतो, ज्या तुम्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्या आहेत. नवी स्टिक उन्हाळ्यात आली. झेल सुटणे आणि पास जमिनीत जाणे जूनपासून सुरू झाले. लेकीला किंवा सरांना दोष देण्यापूर्वी ती स्टिक हातात घेऊन नीट पाहा.

लॅक्रॉसच्या स्टिकचा जीव तिच्या टोकाच्या जाळीत असतो. दांडा आणि वरची प्लास्टिकची चौकट बाजारातून येते तशीच राहते, पण जाळी खेळाडूच्या हाताप्रमाणे बसवावी लागते. नवी, कडक, उथळ जाळी चेंडूला धरून ठेवत नाही. चेंडू आत येतो आणि आपटून बाहेर उडतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की मुलीने झेल सोडला. उलट जाळी फार खोल झाली किंवा वरच्या आडव्या दोऱ्या फार आवळल्या गेल्या, की फेकताना चेंडू आत अडकून उशिरा सुटतो आणि सरळ जाण्याऐवजी चार पावलांवर जमिनीत जातो. पास समोरच्या चिखलात पडतात असे तुम्ही लिहिले आहे. हे खोल जाळीचे अगदी ठरलेले लक्षण आहे. त्यातून आपला पावसाळा. साधी मऊ जाळी भिजली की सैलावते. खानापूरकडून येणारा पाऊस जूनपासून बेळगावात ठाण मांडून बसतो, आणि ओली स्टिक दप्तराच्या बाजूला तशीच पडून राहिली तर आठवड्याभरात तिचा आकार बदलतो.

तपासण्याची रीत सोपी आहे. दांडा आडवा धरा, जाळीत चेंडू ठेवा आणि चौकटीची बाजू डोळ्यांच्या रेषेत आणून पाहा. मुलींच्या खेळात चेंडूचा वरचा भाग चौकटीच्या कडेच्या वर दिसला पाहिजे, असा नियमच आहे. चेंडू पूर्ण बुडत असेल तर जाळी खोल आहे. ऑनलाइन मागवताना पुरुषांच्या खेळाची स्टिक आली नाही ना, हेही पाहा. तिची जाळी मुळातच खोल असते आणि मुलींच्या सामन्यात ती चालत नाही. दांड्याची लांबीही बघा. मोठ्या मुलींच्या मापाचा दांडा बारा वर्षांच्या मुलीच्या कोपराला आणि पोटाला अडकतो, आणि मग ती हात आखडून फेकते. दांडा कापून कमी करता येतो, मात्र नियमातली किमान लांबी साधारण ९० सेंटिमीटर असल्याने करवत हाती घेण्यापूर्वी सरांना विचारा.

इथे मला तुमच्याकडून एक मोठे काम हवे आहे. ही जाळी विणणे, तिच्या दोऱ्या सैल-घट्ट करणे आणि कडेच्या गाठी बसवणे हे हाताचे कसब आहे. ज्या माणसाने आयुष्यभर ताण्याचे धागे हाताळले, तुटलेला धागा मागावर उभ्या उभ्या सांधला आणि कुठे ताण जास्त झाला हे बोटांनी ओळखले, त्याला हे कसब इतर कोणाही पालकापेक्षा लवकर साधेल. आपल्या भागात लॅक्रॉसचे साहित्य दुकानात मिळत नाही, तुटलेली जाळी दुरुस्त करणारा कोणी नाही, आणि शाळेच्या स्टिक बहुधा वापरून वापरून ढिल्या झालेल्या असतात. तुम्ही हे शिकलात तर तुमच्या लेकीचीच नव्हे, तर सगळ्या संघाची अडचण दूर होईल. सरांना विचारून शाळेची एक जुनी स्टिक घरी आणा, तिची जाळी सोडा आणि पुन्हा बसवा. पहिल्यांदा वाकडी बसेल. लेकीला शेजारी बसवा आणि जाळी कशी हवी हे तिला ठरवू द्या. ती फेकून पाहील आणि "पप्पा, अजून जड सुटतोय" म्हणेल. तुम्ही एक दोरी अर्धा सूत सैल कराल. त्या कामात तिचा अनुभव शेवटचा शब्द असेल आणि तुमचे हात तिच्या कामी येतील. गाडीवर दिलेल्या शंभर सूचनांपेक्षा याने तिचा खेळ जास्त सुधारेल, याची मला खात्री वाटते.

आता त्या गाडीवरच्या सूचनांविषयी. हे सांगताना मला तुमचे मन दुखवायचे नाही, पण स्पष्ट सांगणे भाग आहे. मैदानावरून घरी येईपर्यंतची वीस मिनिटे मुलीला रोज परीक्षेसारखी वाटत असतील, तर ती गाडीवर बसण्याचीच टाळाटाळ करणार, आणि गाडी टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मैदान टाळणे. तुमच्या सूचना चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही. कदाचित त्या बरोबरही असतील. पण खेळून दमलेल्या मुलीला त्या वेळी चुका ऐकायच्या नसतात, आणि आपल्या माणसाकडून तर मुळीच नाहीत. आपल्याकडच्या तालमींची रीत आठवून पाहा. पोरगा आखाड्यात उतरला की वस्ताद बोलतो, बाप बाहेर उभा राहतो. डाव चुकला तर वस्ताद सांगेल, आणि बाप घरी आल्यावर त्याच्यापुढे दूध ठेवील. येळ्ळूर-अनगोळच्या जुन्या पैलवान घरांत ही शिस्त कोणाला शिकवावी लागत नाही. तुमच्या लेकीच्या आखाड्यातले वस्ताद तिचे सर आहेत.

म्हणून पुढचे दोन महिने असे करून पाहा. जाताना फक्त "पाण्याची बाटली घेतलीस का?" एवढेच विचारा. येताना ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर तुम्हीही बोलू नका, किंवा वाटेत भेळ खायला थांबा. चित्रीकरण बंद करा. तिने स्वतः मागितले तरच करा, आणि ते तिच्याच हाती द्या. मैदानाच्या कडेला उभे राहून "पळ, पळ, पुढे जा" असे ओरडू नका, कारण सर कन्नडमध्ये एक सांगतात, मैत्रिणी मराठीत दुसरे ओरडतात आणि वडील तिसरेच, अशा वेळी मूल कोणाचेही ऐकू शकत नाही. टाळ्या मात्र अवश्य वाजवा, समोरच्या संघाच्या चांगल्या खेळासाठीही.

पोटदुखीकडे मात्र निमूट दुर्लक्ष करू नका आणि तिला बहाणाही समजू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. त्यानंतर तिच्या आईने, किंवा ती जिच्याशी मोकळेपणे बोलते अशा मावशी-काकूने, शांतपणे तिच्याशी बोलावे. बारा वर्षांच्या मुलीने एकाएकी मैदान नको म्हणण्यामागे अनेकदा अशी कारणे असतात जी ती वडिलांना सांगू शकत नाही. पाळी सुरू झाली असेल किंवा होणार असेल. मैदानावर स्वच्छतागृह नसेल किंवा त्याला कडी नसेल. खेळाच्या कपड्यांवरून रस्त्यावरचे कोणी काही बोलले असेल. कोणाचे वागणे तिला खुपत असेल. यापैकी काही असेल तर तो सरावाचा प्रश्न उरत नाही. त्याची सोडवणूक मोठ्यांनी करायची असते, आणि शाळेकडे कडीचे स्वच्छतागृह मागण्याइतका आवाज एकत्र आलेल्या पाच-सहा पालकांकडे नक्कीच असतो. मुलींचे खेळ बंद पडतात त्यामागे आवड संपण्यापेक्षा ही कारणे अधिक असतात, असे माझे ठाम मत आहे.

भीतीचेही विचारा. लॅक्रॉसचा चेंडू भरीव रबराचा असतो आणि त्याचे वजन सुमारे १४५ ग्रॅम असते. तुम्ही सीझन बॉलने खेळला असाल, तर त्याहून तो थोडाच हलका समजा. मुलींच्या खेळात अंगाने धडक देण्यास मनाई आहे, पण चेंडू आणि स्टिक लागू शकते. एकदा जोरात लागले असेल आणि तिने कोणाला सांगितले नसेल, तर ती झेल घेताना नकळत डोके मागे नेते आणि चेंडू सुटतो. दातांसाठी माउथगार्ड आणि डोळ्यांवर बंदिस्त जाळीचा चष्मा असल्याशिवाय या वयाच्या मुलांना खेळू देऊ नये, असे मी सर्वच पालकांना सांगेन. खर्च करायचाच असेल तर महागड्या स्टिकआधी तो इथे करावा.

तिला बचावाला ठेवले, हे तुम्हाला तिला खाली उतरवल्यासारखे वाटले. ते तसे नाही. या खेळात जमिनीवर पडलेला चेंडू जो उचलतो तो सामना फिरवतो, आणि ते काम बहुतेक वेळा मागचे खेळाडू करतात. गुडघे वाकवून, मागचा हात जवळजवळ जमिनीला टेकवून, न थांबता पळतच चेंडू जाळीत घ्यायचा आणि लगेच मान वर करून मोकळी मैत्रीण शोधायची, हे कौशल्य गोल मारण्यापेक्षा शिकायला कठीण आहे. ऑलिम्पिकमध्ये जो सहा-सहा खेळाडूंचा प्रकार असणार आहे, त्यात तर गोलरक्षक सोडल्यास प्रत्येकालाच दोन्ही टोकांना खेळावे लागते. मैदान ७० मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद असते, आठ-आठ मिनिटांचे चार डाव होतात, आणि चेंडू ताब्यात आल्यापासून ३० सेकंदांत गोलावर मारा करावा लागतो. गोल झाला की गोलरक्षक लगेच चेंडू काढून देतो आणि खेळ पुढे सुरू होतो. अशा खेळात केवळ पुढे उभी राहणारी मुलगी टिकत नाही. सरांनी तिला मागे ठेवण्याचे कारण काय, हे तक्रारीच्या सुरात न विचारता कुतूहलाने विचारा. आणि त्याआधी लेकीलाच विचारा, तिला तिथे आवडते का. कदाचित तिला आवडत असेल, आणि तुमचा पडलेला चेहरा पाहून ती ते सांगत नसेल.

घरच्या सरावाविषयीही दोन शब्द, कारण असे पत्र लिहिणारे तुम्ही एकटे नाही आणि खानापूर-निपाणीकडच्या पालकांनाही याचा उपयोग होईल. लॅक्रॉस शिकण्याचे सर्वांत चांगले आणि फुकटचे साधन म्हणजे भिंत. भिंतीपासून चार-पाच पावलांवर उभे राहायचे, चेंडू भिंतीवर मारायचा, परत आलेला झेलायचा, पुन्हा मारायचा. स्टिक कानाजवळ उभी हवी, वरचा हात सैल हवा, आणि चेंडू येताच जाळी किंचित मागे घेतली पाहिजे म्हणजे तो आपटून उडत नाही. भिंत मात्र निवडून घ्या. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती खडबडीत असतात. त्यांवर आपटलेला चेंडू कुठेही उडतो आणि शिकणाऱ्याचा हिरमोड होतो. गिलावा केलेली सपाट भिंत शोधा, जिच्या वर खिडकी नाही आणि पलीकडे कोणाची कौले नाहीत. अंगणातच करायचे असेल तर सुरुवातीला टेनिस बॉल चालेल, पण त्याचे वजन वेगळे असल्याने हात त्याला सवयीचा होण्यापूर्वीच खऱ्या चेंडूवर या.

हा सराव दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि तो तिने मनात आले तेव्हा करावा. अर्धा वेळ उजव्या हाताने, अर्धा डाव्या. सलग किती झेल झाले याची मोजणी तिने स्वतःच्या वहीत ठेवावी, आणि ती वही तुम्ही मागू नये. तुम्हाला सहभागी व्हायचेच असेल तर शाळेची दुसरी स्टिक हाती घ्या आणि लेकीला म्हणा, "मला शिकव." तुमच्या हातून चेंडू पडतील. ती तुम्हाला कोपर वर घ्यायला सांगेल. जे दुसऱ्याला समजावून सांगावे लागते ते स्वतःला पक्के समजते, आणि लॅक्रॉसमध्ये झेल सुटणे किती सहज असते हे तुम्हालाही हाताने कळेल.

आता तुम्ही मांडलेले पर्याय. शिक्षक बदलण्याचे कोणतेही कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही. डाव्या हाताचा आग्रह धरणारे आणि मुलांना वेगवेगळ्या जागी खेळवून पाहणारे शिक्षक चांगले शिक्षक असतात. मोठ्या शहरातले शिबिर आज नको. "नको" म्हणणाऱ्या मुलीला घरापासून दूर, अनोळखी मुलींत आणि अनोळखी शिक्षकांपुढे पाठवणे म्हणजे तिच्या "नको"ला पक्के करणे आहे. पुढे कधी तिनेच मागितले तर वेगळी गोष्ट. कडक होण्याचा उपाय मी सुचवणार नाही, कारण शनिवारची पोटदुखी सांगते की त्याचा डोस आधीच जास्त झाला आहे.

उलट थोडी विश्रांती द्या. रोज पहाटेचा सराव बंद करा. मुलांच्या खेळाविषयी बालरोगतज्ज्ञांचा साधारण सल्ला असा असतो की आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी, आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, आणि एकाच खेळाला वाहून घेण्याचा निर्णय पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावा. तुमचे पहाटेचे तास, शाळेचा सराव आणि शनिवार यांची बेरीज करून पाहा. ती बारा तासांच्या पुढे जात असेल तर थकवा हेही "नको"चे एक कारण समजा. उरलेल्या वेळात तिला खो-खो खेळू द्या, मैत्रिणींबरोबर लंगडी खेळू द्या, हॉकीची आवड असेल तर तेही खेळू द्या. खो-खोमधली चपळ वळणे आणि हॉकीमधली मोकळी जागा हेरण्याची नजर लॅक्रॉसमध्ये जशीच्या तशी कामी येते. बॅडमिंटनही तिने स्वतः मागितले तर चांगलेच आहे. ज्याला भवितव्य आहे तो खेळ, असे म्हणून ते लादू मात्र नका.

पाहुण्यांच्या सल्ल्याबद्दल एवढेच म्हणेन की दहावीचे वर्ष अजून दूर आहे, आणि सातवीतल्या मुलीने संध्याकाळी मैदानावर घाम गाळल्याने तिचा अभ्यास बुडतो असे मानायला आधार नाही. अभ्यासात काही अडत असेल तर त्या विषयापुरती मदत द्या. खेळ काढून घेणे हा त्यावर उपाय नव्हे.

शेवटी ऑलिम्पिक. तुमची माहिती बरोबर आहे. लॅक्रॉस १९०४ आणि १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला होता, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबर त्याचाही २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत समावेश झाला. पण "भारतात खेळणारे थोडे, म्हणून जागा सोपी" हा हिशेब नीट बसत नाही. त्या स्पर्धेत मुलींचे संघ जगभरातून अवघे सहा असणार आहेत. उत्तर अमेरिकेतले मूलनिवासी समाज हा खेळ शतकानुशतके खेळत आले आहेत, आणि तिकडच्या मुलांच्या हातात स्टिक चालायला शिकण्याच्या वयात येते. शिवाय २०२८ साली तुमची लेक जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची असेल. तिने त्या स्पर्धेचे सामने तुमच्या शेजारी बसून पाहावेत, एवढीच त्या वर्षाकडून अपेक्षा ठेवा. बारा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर "संधी" हा शब्द ठेवला की प्रत्येक सुटलेला झेल तिला वाया गेलेल्या संधीसारखा दिसू लागतो, आणि कोणतेही मूल ते फार दिवस सहन करत नाही.

तिने "मला नको" म्हटले आहे, त्याचे काय करायचे? तो निर्णय आजच पक्का मानू नका आणि धुडकावूही नका. तिला सांगा, "दिवाळीपर्यंत पहाटेचा सराव नाही, शाळेत जेवढे असेल तेवढे, तेही तुला जावेसे वाटले तर. दिवाळीनंतर तू सांगशील तसे करू." आणि मग तो शब्द पाळा. मुलीला खरोखरच निर्णय आपल्या हाती आहे असे दिसले तर ती बहुधा परत फिरते. फिरली नाही, तर शाळेच्या स्टिक परत करताना तिला बरोबर घ्या, सरांचे आभार माना आणि तुम्ही शिकलेली जाळी बसवण्याची विद्या संघासाठी चालू ठेवा. घरी हा विषय पुन्हा टोमण्यातून निघू देऊ नका.

येत्या शनिवारी लेकीला आग्रह न करता तुम्ही एकटेच, ती नवी स्टिक घेऊन सरांकडे जा. तिला मागे का ठेवले हे नंतर विचारा. आधी जाळी दाखवा आणि विचारा की ही मुलींच्या नियमात बसते का, आणि नसेल तर कोणती दोरी सोडायची.